धारेचा उतार

आमच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली पाच हत्यारं होती. आजोबा इंदूरच्या एका कापडगिरणीच्या दुरुस्ती खात्यात कातारी होते. ते गेल्यावर ती गुंडाळी कुणी सोडली नव्हती. मी सोडली तेव्हा तीन पटाश्यांची पाती गंजून तपकिरी झालेली, एक पार्टिंग टूल टोकाशी मोडलेलं, आणि एक गोल पटाशी. तिची मूठ चांगली फूटभर लांब होती आणि पुढचं पोलाद जेमतेम दोन इंच. मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. त्यात माझा अंगठा नेमका बसला.

एवढं पोलाद गेलं कुठं? घरात सगळ्यांचं उत्तर एकच : लाकूड कातून कातून झिजलं. मीही तेच धरून चाललो होतो. मग इंदूरच्याच खजराना वस्तीतल्या एका कातारी उस्तादांनी ती पटाशी हातात घेतली, उजेडाकडे तिरकी धरली आणि म्हणाले, "लकड़ी ने कम खाया है, सान ने ज़्यादा खाया है।" लाकडानं थोडं खाल्लं, सहाणेनं जास्त. त्या एका वाक्यामागे मी दीड वर्ष फिरलो.

मराठीत 'कातणं' या क्रियापदाला दोन कामं आहेत. सूतही कातायचं आणि लाकूडही कातायचं. लाकूड कातणारा तो कातारी. दोन्हींत काहीतरी गरगर फिरत असतं आणि हाताला त्या फिरण्याशी जुळवून घ्यावं लागतं. इंदुरात हे दोन्ही अर्थ एकाच छपराखाली नांदले. तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या काळात, १८६०च्या दशकात, इथे संस्थानची कापडगिरणी उभी राहिली. पुढे १९०९मध्ये मालवा मिल, १९१५मध्ये हुकुमचंद मिल. सूत गुंडाळायला लाकडी बॉबिन लागत, त्याही हजारांनी, आणि बॉबिन ही कातलेलीच वस्तू. हळदूचं लाकूड, म्हणजे आपला हेदू, त्या कामासाठी नावाजलेलं : पिवळसर आणि बारीक पोताचं. बॉबिनची कड जरा खरखरीत राहिली की धागा अडकतो आणि तुटतो. म्हणजे दुरुस्ती खात्यातल्या एका पटाशीची धार उतरली, तर तिचा हिशेब पार मागापर्यंत जायचा. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली. लाकडी बॉबिनची जागा त्याच्या आधीपासूनच प्लॅस्टिक घेऊ लागलं होतं.

खजराना बहुतेकांना ठाऊक आहे ते गणपतीमुळे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेलं ते मंदिर, मागच्या भिंतीवर नवस बोलणाऱ्यांनी काढलेली उलटी स्वस्तिकं, बुधवारची रांग. त्याच वस्तीत नाहरशाह वलींचा दर्गा आहे. या दोन गर्द्यांच्या मधल्या एका गल्लीत उस्तादांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक शटर, आत पट्ट्यावर चालणारा एक लाकडाचा लेथ, कोपऱ्यात ग्राइंडर आणि गुडघाभर ढलप्या. इथे जिन्याच्या कठड्याचे खांब होतात, खाटेचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, लग्नसराईत पोळपाट-लाटणी. नाव छापू नका असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून उस्ताद एवढंच लिहितो. ते मला भाईसाब म्हणतात. बोलणं सगळं इंदुरी हिंदीत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला लेथला हातही लावू दिला नाही. दोन पटाश्या दिल्या आणि विचारलं, यातली धारेची कोणती? मी अंगठ्यानं चाचपायला गेलो तर हात धरला. पातं बल्बखाली धरून धार आपल्या डोळ्याकडे वळवायला सांगितलं. एका पात्याच्या कडेवर केसासारखी पांढरी रेघ चमकली. दुसऱ्यावर काहीच दिसलं नाही. "दिख रही है, मतलब है नहीं।" धार म्हणजे पोलादाचे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती जागा. ती बोथटली की तिला सूक्ष्म रुंदी येते, आणि रुंदी आली की ती उजेड परतवते. चांगल्या धारेला उजेड परतवायला जागाच नसते. ही परीक्षा मी आता घरातल्या विळीवरसुद्धा करतो.

मग आवाज. आंब्याचा ठोकळा फिरतोय, चांगल्या धारेची पटाशी लागली की रेशीम फाडल्यासारखा सलग आवाज येतो आणि लांब, ओलसर काप खांद्यावरून मागे पडतात. धार उतरली की आवाज कोरडा होतो, कापाच्या जागी भुगा येऊ लागतो, आणि माणूस नकळत जोर लावतो. अपघात त्या जोरात असतो. पातं अचानक लाकडात रुततं, लेथ थांबत नाही, आणि हत्यार हातातून उसळतं.

लाकूड मऊ असलं की बोथट धार चालून जाईल असं मला वाटायचं. खरं उलटं आहे. शिसवी-बाभळीचे तंतू पात्यासमोर उभे तरी राहतात, मऊ लाकडाचे दबतात आणि फाटतात. नर्मदाकाठी बुधनीला दुधीच्या लाकडाची लाखेने रंगवलेली खेळणी होतात. दुधी म्हणजे आपला काळा कुडा. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं हलक्या पांगाऱ्याची. तंतू फाटलेल्या लाकडावर चढवलेला रंग ती प्रत्येक फाट दाखवतो. त्या चकचकीत आंब्या-पेरूंमागे कुणीतरी दिवसातून कितीदा सहाणेपाशी उठून गेलेला असतो, हे आपल्या डोळ्यांसमोर येत नाही.

धारेमागचा जो तिरका भाग, त्याला मी उतार म्हणतो. कातारकामात हा उतार नुसता धारेचा आधार नसतो, तो सुकाणू असतो. पटाशी आधी उतारावर टेकवायची, काप सुटत नसतो. मग मूठ हळूहळू उचलायची. एका क्षणी धार लाकडाला भेटते आणि काप सुरू होतो. पुढे सगळा वेळ उतार ताज्या कापावर घासत राहतो आणि धारेला खोल जाऊ देत नाही. सुताराच्या पटाशीला हा नियम इतका कडक नाही, कारण त्याचं लाकूड जागचं हलत नाही. इथे उतारावर दोन-तीन पैलू पडले असतील तर पातं नेमकं कशावर टेकलंय हे हाताला कळत नाही. म्हणून कातारी फक्त धार लावत नाही, दर वेळी तोच आकार परत आणतो. वाडग्याच्या गोल पटाशीला ५५ ते ६० अंश, ठोकळा गोल करायच्या जाड पटाशीला ४५च्या आसपास, तिरक्या पटाशीच्या दोन्ही बाजू मिळून ३० ते ४०, आणि खरवडून काढणाऱ्या स्क्रेपरला ७० ते ८०. वाडग्याच्या पटाशीचं तर तोंड नखासारखं गोल, दोन्ही पंख मागे गेलेले. तिला धार लावायची म्हणजे फिरत्या दगडासमोर तिला एकाच वेळी गोल फिरवायचं, बाजूला झुलवायचं आणि तरी कोन बदलू द्यायचा नाही. उस्ताद ते बोलता बोलता करतात. बारा वर्षांचे असताना वडिलांच्या शेजारी उभे राहिले, तेव्हापासून करतात.

मी केलं तेव्हा उतारावर पाच पैलू पडले. दुसऱ्या दिवशी सात.

आणि तिसऱ्या दिवशी मी आजोबांची तिरकी पटाशी निळी केली. ते जुनं कार्बन पोलाद. दगडावर धरलं, पैलू काढायच्या नादात जरा जास्त धरलं, आणि टोकाशी गवती पिवळा रंग आला, तो तपकिरी झाला, जांभळा झाला आणि निळा. सगळं दोन श्वासांत. पोलाद तापताना त्याच्यावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचे हे रंग. पिवळा साधारण २२० अंश सेल्सिअसला, निळा ३००ला. निळ्यापर्यंत गेलं की त्या जागचं पाणी उतरलं, धार टिकणार नाही. उस्ताद काही बोलले नाहीत. निळा भाग संपेपर्यंत पातं घासून काढलं, मध्ये मध्ये पाण्यात बुडवत. सहा मिलिमीटर गेले. आजोबांच्या हातून वाचलेले सहा मिलिमीटर मी दोन श्वासांत घालवले. सहाणेनं खाल्लं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

या पोलादाची गोष्ट थोडी सांगायला हवी. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत पटाश्या बऱ्याचदा जुन्या कानशीच्या किंवा ट्रकच्या कमानपट्ट्याच्या केलेल्या असतात. कानशीचं पोलाद धार छान घेतं, पण ते ठिसूळ. पातं रुतलं तर काचेसारखं तुटतं. उस्तादांकडची कानशीची हत्यारं मी पाहिली आणि ती वापरू नका असं त्यांना हात जोडून सांगितलं. हायस्पीड स्टील हे वेगळं प्रकरण. अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी त्याची उष्णप्रक्रिया बसवली आणि १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ती जगाला दाखवली. टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम, व्हॅनेडियम मिसळलेलं हे पोलाद पाचशे अंशांच्या वरही कडकपणा सोडत नाही. ग्राइंडरवर निळं पडलं तरी बिघडत नाही. फक्त तापलेलं असताना पाण्यात बुडवायचं नाही, बारीक चिरा जातात. नवशिक्यानं पहिली पटाशी हायस्पीडचीच घ्यावी, एवढं मी अनुभवावरून ठामपणे सांगतो.

दगडही तसाच समजून घ्यायचा असतो. ग्राइंडरबरोबर येतो तो करडा दगड जाड कामाचा. सियागंज बाजारातून मी पांढरा आणला. त्यावर छापलेलं असतं, उदाहरणार्थ, डब्ल्यूए ८० के ५ व्ही. डब्ल्यूए म्हणजे पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइड, ८० हा कणांचा बारीकपणा, के ही दगडाची पकड, ५ ही कणांमधली मोकळीक, आणि व्ही म्हणजे भट्टीत काचेसारखा भाजलेला बांध. खजरान्यात राहणाऱ्याला हे समजावणं सोपं आहे. तीळ चतुर्थीला इथे गणपतीला तिळाच्या लाडवांचा नैवेद्य असतो. दगड तसाच : तीळ म्हणजे कापणारे कण, पाक म्हणजे बांध. पाक कडक झाला की तीळ सुटत नाहीत. दगडात कण बोथट झाले तरी चिकटून राहतात, दगड गुळगुळीत होतो, कापत नाही, नुसता तापवतो. म्हणून कडक पोलादाला मऊ पकडीचा दगड लागतो, बोथट कण झटकून टाकणारा. गुळगुळीत झालाच, तर हिऱ्याच्या टोकाचा ड्रेसर फिरवून वरचा थर काढायचा.

त्या कणांचं खनिज रूप म्हणजे कुरुंद. इंग्रजीतलं कोरंडम हे नाव तमिळ कुरुंदम् आणि संस्कृत कुरुविंद या कुळातलं, इथूनच गेलेलं. माणिक आणि नीलही त्याच खनिजाचे. आपल्याकडे कारखान्यात असे दगड बनवायला ग्राइंडवेलनं १९४१मध्ये उरणजवळच्या मोऱ्याला सुरुवात केली. शिकलगार तलवारी पाजवायचे तेव्हाचा दगड आणि हा पांढरा दगड यांच्यामध्ये भट्टी आली, मोजमाप आलं. हाताला मात्र मोजमाप आलं नव्हतं.

ते जिगनं आणलं. जिग म्हणजे पटाशी पकडणारा साचा. ग्राइंडरच्या खाली एक सरकती दांडी, तिच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. पटाशी साच्यात आवळायची, साच्याचा पाय खाचेत टेकवायचा आणि पटाशी डावी-उजवीकडे झुलवायची. पाय एका जागी रुतलेला असल्यामुळे पात्याचं तोंड दर वेळी त्याच वाटेनं दगडावरून जातं. कॅनडातल्या ओंटारियोच्या वनवे कंपनीची अशी जोडणी जगभर वापरली जाते. माझ्यासाठी ओळखीच्या एका वेल्डरनं लोखंडी चौकोनी नळीतून केली, आणि ती उत्तम चालते.

तीन मापं सांभाळायची : पटाशी साच्याच्या पुढे किती निघाली, साच्याचा पाय किती वाकवला, आणि खाच दगडापासून किती लांब. पहिलं माप प्रचलित साच्यांत पावणेदोन इंच, म्हणजे ४४ मिलिमीटर. दर वेळी पट्टी लावायची नाही. एका फळीवर ठोकळा ठोकायचा, साचा फळीच्या कडेला लावायचा आणि पातं ठोकळ्याला भिडेपर्यंत सरकवायचं. तिसरं माप मात्र फसवं असतं, कारण दगड झिजून लहान होत जातो आणि कोन गुपचूप बदलतो. त्याला उपाय मार्कर पेनचा. सगळा उतार काळा रंगवायचा, ग्राइंडर बंद ठेवून दगड हातानं अर्धा फेरा फिरवायचा आणि बघायचं. शाई फक्त टाचेशी, म्हणजे उताराच्या मागच्या कडेशी, गेली तर दांडी एका बाजूला, फक्त धारेशी गेली तर दुसऱ्या बाजूला. टाचेपासून धारेपर्यंत सरळ चमकता पट्टा उमटला की मगच बटण दाबायचं.

मी तो पट्टा पहिल्यांदा पाहिला तेव्हा उस्ताद दारात चहा पीत होते. बटण दाबलं, वजन न टाकता पटाशी झुलवली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. ठिणग्या आधी फक्त पात्याखालून जात होत्या. मग काही वळून पात्याच्या वरच्या खोबणीत आल्या. दगड धारेपर्यंत पोचला याची ती खूण. थांबवलं. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. उतार एकसंध, एकाच वळणाचा, आरशासारखा. उस्तादांनी पातं उजेडात धरलं, रेघ शोधली. सापडली नाही. लेथवर आंब्याचा ठोकळा होताच. माझ्या हातून पहिला लांब काप निघाला तो त्या संध्याकाळी.

त्यानंतर आमचं खरं भांडण झालं. उस्तादांचं म्हणणं : हा साचा हाताला लंगडा करेल. साचा मोडला तर काय करशील? शिवाय त्यांच्या डझनभर हत्यारांचे आकार त्यांनी कामाप्रमाणे स्वतः ठरवलेले, साच्यात न बसणारे. त्यांचं हे दुसरं म्हणणं मला पूर्ण पटलं. तिरकी पटाशी मी आता हातानंच, साध्या टेकणीवर लावतो, ती तशीच चांगली लागते. पण पहिलं म्हणणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. बाराव्या वर्षी वडिलांच्या शेजारी उभं राहायला मिळणं ही सगळ्यांची वाट नव्हे, आणि आता ती कुणाचीच असू नये. पूर्वी आधी वर्षानुवर्षं धार, मग कातकाम असा क्रम होता, आणि त्या वर्षांत कितीतरी पोरं हे काम सोडून गेली, कितीतरी पोलाद ठिणग्या होऊन गेलं. चांगली धार कशी असते हे हाताला आधी माहीत असेल, तर ती उतरल्याचंही हाताला कळतं. जिग ती ओळख पहिल्या आठवड्यात करून देतं. आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गात, कातकामाच्या प्रत्येक लहान कारखान्यात, पहिल्या दिवशी मुलाच्या हाती हे दिलं पाहिजे. फळी, ठोकळा आणि मार्कर यांना जवळपास काही खर्च नाही.

त्याआधी चष्मा. नवा दगड बसवण्यापूर्वी दोरीला किंवा बोटाला अडकवून लाकडी मुठीनं हलकेच ठोकून बघायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे, फेकून द्यायचा. सहा इंची दगड मिनिटाला २,८५० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याची कड सेकंदाला जवळपास २३ मीटर धावते. चिरलेला दगड त्या वेगानं तुकड्या-तुकड्यांनी येतो. आठ इंची आणि निम्म्या वेगाचा ग्राइंडर घेतला तर तोच आकडा १५ मीटरवर येतो, आणि पोलादही कमी तापतं. सुरू करताना समोर उभं राहायचं नाही, टेकणी आणि दगड यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवायची नाही, हातमोजे घालायचे नाहीत. आणि नाकाला मास्क. एके काळी शेफील्डचे कारागीर वाळूच्या दगडावर धार लावत आणि सिलिकाच्या धुळीनं तरुणपणीच मरत. आपल्या माळव्यात मंदसौरला पाटीच्या पेन्सिली कापणाऱ्या मजुरांची फुप्फुसं त्याच धुळीनं गेली. आजच्या भाजलेल्या दगडात तो धोका बराच कमी आहे, पण पोलादाची आणि लाकडाची धूळ आहेच. उस्ताद रात्री खोकतात. मास्कचं एक खोकं मी त्यांच्या ग्राइंडरशेजारी ठेवून आलो, तेव्हापासून ते वापरतात.

या पावसाळ्यात उस्तादांचा भाचा कारखान्यात यायला लागला. एकोणीस वर्षांचा आहे. मी गेलो तेव्हा ग्राइंडरच्या वर भिंतीला एक नवी फळी ठोकलेली दिसली. तिच्यावर तीन ठोकळे आणि प्रत्येकाखाली उस्तादांच्या हातची खडूची खूण : बड़ी, छोटी, कटोरी. साचा त्यांनी स्वतः वेल्डरकडून करून आणला होता. मला काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. स्वतःच्या पटाश्या ते अजून हातानंच लावतात.

मी घेतलेली वाडग्याची पटाशी दीड वर्षात ११ मिलिमीटर आखूड झाली. त्यातले सात मिलिमीटर पहिल्याच महिन्यात गेले, साच्याच्या आधी. आजोबांची गोल पटाशी मी घासून, तेल लावून लेथच्या वरच्या खिळ्याला अडकवली आहे. साच्यात ती बसत नाही. पुढे ४४ मिलिमीटर काढले तर मागे पकडायला सातच उरतात.